घरची दारू आणि गुत्त्याची दारू



विलायतेंत जुन्या मद्यगृहांचे इतिहास मोठ्या आवडीनें लिहिले जातात. आमच्या डहाणू-तलासरीकडे तशीं मद्यगृहें नव्हतीं; होते ते रस्त्याकडेचे दारूचे गुत्ते आणि ताडीचीं दुकानें. त्यांचा इतिहास मात्र मौजेचा नाहीं.

या मुलखांतील वारली, धोडिया, कोकणा लोकांची दारू मूळची घरची. मोहाचीं फुलें वेंचावीं, आंबवावीं, मडक्यांत गाळावीं आणि लग्नांत, सणांत प्रथम देवाला वाहून मग आपण घ्यावीं, असा परिपाठ होता. तींत विकत घेण्याचा प्रश्न नव्हता. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळणें व ताडी काढणें परवान्यांत आणि करांत जखडलें. पुढें 1892 च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध आले. अंगणांत फुलांचा सडा पडे; पण त्याला हात लावणें हा गुन्हा ठरला! मग देवाच्या नैवेद्यासाठींही गुत्त्याची वाट धरणें भाग पडलें. तेथें रोकड नसेल तर उधारी, उधारीचें कर्ज, आणि कर्जापायीं जमीन. मक्तेदारांत पारशी व्यापारी पुष्कळ होते. पण दोष एका जातीच्या माथीं मारणें योग्य नव्हे. मक्त्याचा पैसा अखेर सरकारी तिजोरींतच जाई.

1922 मध्यें एक नवल घडलें. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीचें वारें आलें. अंगांत आलेल्या माणसाच्या मुखानें देवी सांगे : दारू-ताडी सोडा, नित्य स्नान करा. हें वारें डोंगराळ भागांतून सुरत जिल्ह्यांत पोहोंचलें. तेथें देवीला सलाबाई म्हणत. गांवेंच्या गांवें शपथ घेऊन बसलीं आणि गुत्ते ओस पडले. पुढें पुष्कळांची शपथ मोडली, हें खरें. तथापि ही चळवळ कोणा पुढाऱ्यानें शहरांतून आणून दिलेली नव्हती.

1949 चा दारूबंदीचा कायदा आला, तेव्हां ज्या सरकारी यंत्रणेनें सत्तर वर्षें दारूचा मक्ता दिला तिनेंच दारूला बंदी केली. मक्ता देतांना पिणाऱ्याला कोणी विचारलें नाहीं, बंदी करतांनाही नाहीं. त्यानें स्वतः विचार केला तो 1922 साली. म्हणून गुत्त्यांच्या या इतिहासांत मला तें एकच वर्ष वंदनीय वाटतें.