न दिसणारें ऊन

नांदेड शहराच्या दक्षिणेस, गोदावरीच्या कांठीं, विष्णुपुरी हें गांव आहे. कालेश्वराचें मंदिर, त्याच्या पायाशीं पसरलेला जलाशय, नदी अडविणारा बंधारा, आणि आसपासच्या माळावर उभीं राहिलेलीं विद्यापीठ, अभियांत्रिकी व वैद्यक यांचीं तीन मोठीं विद्यास्थानें, एवढी त्याची ओळख पुरे. उत्तर अक्षांश १९ च्या जरा वर हें गांव असल्यामुळें मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यांत माध्यान्हीं सूर्य येथें अगदीं डोक्यावर येतो, व उभ्या रोवलेल्या काठीची सावली नाहींशी होते. जुलैमधला तो दिवस बहुधा ढगांत जातो. मेमधला मात्र साऱ्या गांवाच्या अंगावरून जातो. ऊन म्हणजे काय, हें मराठवाड्याच्या माणसाला शिकवावयास नको. तरीहि या उन्हाचा एक अंश असा आहे कीं, तो डोळ्यांना दिसत नाहीं, आणि ऊब म्हणूनहि अंगाला जाणवत नाहीं. पण कातडी भाजते ती मुख्यत्वें त्याच अंशानें. ज्या प्रयोगांनीं हें ठरलें ते इतके साधे होते कीं, त्यांतले कांहीं शाळेच्या वर्गांत सहज मांडतां येतील.

इ. स. १८०० सालीं इंग्लंडांत विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें सूर्यप्रकाश लोलकांतून पाडून त्याच्या प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नव्हतें, तेथेंच पारा सर्वांत अधिक चढला. ही वार्ता जर्मनींत पोंचली तेव्हां येना येथें योहान रिटर नांवाचा एक चोवीस वर्षांचा तरुण होता. पूर्वीं औषधालयांत उमेदवारी केलेला हा मनुष्य निसर्गांत सर्वत्र द्वंद्वें शोधणारा होता. तांबड्याच्या पलीकडे कांहीं असेल, तर जांभळ्याच्या पलीकडेहि असलेंच पाहिजे, असें त्यानें धरलें. हें अनुमान तर्कशास्त्राच्या दृष्टीनें मोठेंसें बळकट नव्हे. परंतु निघालें खरें. सिल्व्हर क्लोराइड, म्हणजे रुप्याचा एक क्षार, प्रकाशानें काळा पडतो, हें ठाऊक होतें. १८०१ च्या फेब्रुवारींत रिटरनें त्याचा लेप दिलेला कागद रंगपटांत धरला. जांभळ्याच्या पलीकडील ‘अंधारांत’ तो कागद सर्वांत लवकर काळवंडला. तेच अल्ट्राव्हायोलेट किरण. मराठींत कोणी यांना जंबुपार म्हणतात, कोणी अतिनील.

कागद काळवंडणें निराळें आणि माणसाची कातडी भाजणें निराळें. हे दोन धागे जुळावयास पुढें जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं. कारण ‘ऊन लागतें तें उष्णतेनें’ ही समजूत स्वाभाविक होती, व ती आजहि गेलेली नाहीं. पहिला धक्का तिला दिला तो लंडनच्या एव्हरार्ड होम या शस्त्रवैद्यानें, १८२० सालीं. त्याच्यापुढें प्रश्न असा होता कीं, काळी वस्तु पांढरीपेक्षां लवकर तापते, मग उष्ण देशांतील माणसांना निसर्गानें काळी कातडी कां द्यावी? त्यानें स्वतःचे दोन्ही हात भर दुपारीं उन्हांत धरले. एक उघडा, दुसरा काळ्या कापडानें झाकलेला. कापडाखालचा हात अधिक तापला, हें उष्णतामापकानें दाखविलें. पण फोड आले ते उघड्या हातावर. हा होम पुढें आपले गुरु जॉन हंटर यांचीं हस्तलिखितें जाळून टाकल्याबद्दल बदनाम झाला, आणि ती बदनामी त्यानें कमावलेलीच होती. पण हा एक प्रयोग त्याच्या नांवावर राहूं द्यावा. तापणें व भाजणें यांची फारकत येथें प्रथम उघड झाली.

१८८९ सालीं स्वीडनमध्यें योहान विडमार्क या नेत्रवैद्यानें विजेच्या प्रखर आर्क दिव्यापुढें हाच प्रश्न अधिक कांटेकोरपणें सोडविला. किरणांतली उष्णता काढून घेतली तरी कातडी लाल झाली. जंबुपार अंश काढून घेतला तेव्हां झाली नाहीं. प्रश्न तत्त्वतः मिटला. परंतु लोकांच्या ध्यानांत राहिला तो प्रयोग डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन याचा.

फिन्सेनचा जन्म १८६० सालीं उत्तर समुद्रापलीकडील फॅरो बेटांवर झाला. सूर्य जेथें वर्षाचे कित्येक महिने पाहुण्यासारखा येतो, तेथल्या माणसाला प्रकाशाचें वेड लागावें, हें नवल नव्हे. तरुणपणींच एका असाध्य विकारानें त्याला ग्रासलें होतें. त्यानें आपल्या हातावर, मनगटाच्या वर, काजळी शाईचा एक रुंद पट्टा ओढला. आपल्याकडे पोथ्या ज्या काजळाच्या शाईनें लिहीत, तिचीच ही बहीण. मग तो हात त्यानें कडक उन्हांत कांहीं तास उघडा ठेवला. शाई धुतली तेव्हां पट्ट्याखालची कातडी होती तशी पांढरी निघाली, आणि दोन्ही बाजूंची कातडी लाल होऊन सुजली. येथवर होमचीच पुनरावृत्ति. खरा प्रयोग पुढें आहे. सूज ओसरून बाजूची कातडी सांवळी झाल्यावर फिन्सेननें तोच हात, या वेळीं शाई न लावतां, पुन्हा उन्हांत धरला. आतां उलट झालें. पूर्वीं पांढरा राहिलेला पट्टा भाजला, आणि सांवळी झालेली कातडी शाबूत राहिली. म्हणजे शाईनें पहिल्या दिवशीं जें काम केलें, तेंच दुसऱ्या वेळीं कातडीनें स्वतः तयार केलेल्या कृष्णद्रव्यानें केलें.

सांवळा रंग हा मळ नव्हे, उणीव नव्हे, तर शरीरानें स्वतः धरलेली छत्री आहे, हें इतक्या थोड्या खर्चांत कोणी सिद्ध केलें नव्हतें. ज्या समाजांत मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत अजून रंग विचारला जातो, त्यानें फिन्सेनच्या हाताचा तो पट्टा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ही छत्री अभेद्य मात्र नव्हे. सांवळी कातडीहि भाजते, केवळ उशिरां. फिन्सेननें पुढें हेच किरण कातडीच्या क्षयावर औषध म्हणून वापरले, १९०३ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें, आणि दुसऱ्याच वर्षीं, त्रेचाळीसाव्या वर्षीं, तो वारला.

सूर्याचे सगळे जंबुपार किरण भूमीवर पोंचत नाहींत, हें आपलें भाग्य. उंच वातावरणांतला ओझोन वायु त्यांतले अत्यंत घातक किरण गिळतो. तेथील ओझोनचें पहिलें समाधानकारक मोजमाप १९२० सालीं फ्रान्समध्यें फाब्री व ब्युइसाँ यांनीं केलें. पुढें ऑक्सफर्डच्या डॉब्सननें त्यासाठीं खास यंत्र बनविलें. या कथेंत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. पुण्याच्या वेधशाळेंत कल्पाति रामकृष्ण रामनाथन् यांनीं हवेच्या वरच्या थरांचा अभ्यास अनेक वर्षें केला, आणि १९४९ सालीं त्यांनीं व करंदीकर यांनीं कमी अक्षांशांवर ओझोन कोणत्या उंचीवर किती असतो, यावर निबंध प्रसिद्ध केला. वातावरणांतला सारा ओझोन जमिनीलगतच्या दाबाखालीं आणला तर त्याचा थर उणापुरा ३ मिलिमीटर भरतो. आपल्या पट्ट्यांत तो त्याहूनहि पातळ. सूर्य डोक्यावर आणि छत विरळ, अशी ही दुहेरी स्थिति. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापांत जंबुपार उन्हाचा ११ व त्यावरचा आंकडा अत्यंत तीव्र समजतात; भर उन्हाळ्यांतल्या निरभ्र दुपारीं दख्खनमध्यें तो ओलांडला जातो. ओझोनचा नाश थांबविण्याचा करार माँट्रियल येथें १६ सप्टेंबर १९८७ रोजीं झाला, व तो दिवस ओझोन दिन म्हणून पाळतात. १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. विष्णुपुरीचें स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठहि १९९४ सालीं त्याच तारखेस स्थापन झालें. ध्वजाची तयारी चालू असतां आदल्या दिवशीं शाळेंत एक प्रयोग मांडण्यास ही तिथि बरी आहे.

प्रयोगाचें साहित्य पुन्हा हर्शेलच्याच घरचें. विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल यानें १८४२ सालीं निळ्या छापाचा कागद शोधून काढला. इमारतींचे व यंत्रांचे नकाशे पुढें दीर्घकाळ त्यावरच उतरवीत. शंभर मिलिलिटर पाण्यांत २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि दुसऱ्या शंभरांत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावें. मंद दिव्याखालीं दोन्ही द्रावणें सारखीं मिसळून कागदास लावावींत व तो अंधारांत वाळवावा. हें काम शिक्षकांनीं हातमोजे घालून करावें, आणि जवळपास आम्ल असूं देऊं नये. वाळलेल्या कागदावर पारदर्शक पत्रा ठेवून त्याचे चौकोन पाडावे. एक मोकळा ठेवावा. एकावर खोबरेल तेल, एकावर हळदीचा लेप, एकावर जस्ताचें भस्म असलेलें उन्हाचें मलम. एकावर धोतराचा एक पदर, एकावर त्याचेच चार पदर, आणि एकावर घोंगडीचा तुकडा. कांहीं मिनिटें उन्हांत ठेवून कागद पाण्यांत धुतला कीं, मोकळा चौकोन गर्द निळा होतो. तेलाखालचा जवळजवळ तितकाच. एका पदराखालीं निळाई उतरलेली दिसते, चार पदरांखालीं फारच थोडी. घोंगडीखालचा कागद कोरा राहतो, आणि मलम पुरेसें जाड असेल तर त्याखालचाहि फिका निघतो.

हळदीच्या दाट लेपाखालींहि कागद फिका निघेल, व वर्गांत आनंदाचा गलका होईल. पण येथें शिक्षकांनीं थांबावें. हा कागद लांब लहरींच्या जंबुपार किरणांना आणि दृश्य जांभळ्या-निळ्या प्रकाशालाहि दाद देतो. कातडी लाल करणारे किरण त्याहून आंखूड लहरींचे. खिडकीची कांच कागदावर ठेवून पाहिली तर तो निळा होतोच. परंतु त्याच कांचेआड बसलेल्या माणसाची कातडी सहसा लाल होत नाहीं, कारण आंखूड किरण कांचेंत अडतात. कागदाची साक्ष खरी, पण अर्धी. कागदाला जें लागू तें कातडीला लागूच असतें, असें धरणारा मनुष्य रिटरच्याच काळांत राहिला म्हणावयाचा.

कपड्यासंबंधीं मात्र कागदाची साक्ष भरंवशाची आहे. विरळ पांढरें सुती वस्त्र थंड राहतें खरें, पण त्यांतून बरेंच ऊन पार होतें, आणि भिजल्यावर अधिकच. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा पटका पांढरा असूनहि चालतो, तो त्याच्या अनेक वेढ्यांमुळें. ढगांचाहि असाच फसवा हिशेब आहे. पातळ अभ्रांनीं ऊब कमी होते, पण जंबुपार किरण पुष्कळसे खालीं येतात; जलाशयावरच्या वाऱ्यानें अंग गार वाटतें, भाजणें थांबत नाहीं. पाण्यावरून परतणारे किरण मात्र फार नसतात, दहांत एखादा भाग. कोरडी वाळू त्याहून अधिक परतविते. उलट पाण्यांत शिरून सुटका नाहीं. अर्धा मीटर खोलीवरहि पृष्ठभागाच्या सुमारें चाळीस टक्के जंबुपार ऊन शिल्लक असतें, हें पोहणाऱ्या पोरांना ठाऊक नसतें.

डोळ्याला तर कृष्णद्रव्याचा तेवढा आधारहि नाहीं. मोतीबिंदूचीं कारणें अनेक आहेत. पण जन्मभर उघड्या डोळ्यांनीं घेतलेलें ऊन त्यांतलें एक होय, आणि निंदणी-कापणीचीं बाई-माणसें तें सर्वांत जास्त घेतात.

यंत्राशिवाय मोजण्याची एक रीत आहे, व तिला उन्हांत उभें राहण्यापलीकडे खर्च नाहीं. सावली आपल्या उंचीहून लांब असेल तोंवर जंबुपार ऊन सौम्य. आंखूड झाली कीं जपावें. विष्णुपुरींत मेच्या मध्यास ती सकाळीं नवाच्या सुमारास उंचीहून आंखूड होते आणि दुपारीं जवळजवळ साडेतीनपर्यंत तशीच राहते. त्याआधींच्या महिन्यांत, सकाळची शाळा सुटून मुलें दप्तरें घेऊन बाहेर पडतात तेव्हां, त्यांच्या पायाशीं पडलेली सावली त्यांच्याहून लहान झालेली असते.