नव्या घराचा स्लॅब गळतोय, बिल्डर म्हणतो 'वॉरंटी संपली'. मग काय करायचं?

नारायणगाव, मंचरला फ्लॅट घेतला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. बिल्डर म्हणतो, 'वॉरंटी वर्षाचीच होती.' पण तेवढ्यावर विषय संपत नाही.

प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर रेरा कायद्याचं कलम १४(३) लागू होतं. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरनं ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करायचा. नाहीतर भरपाई मागता येते. करारात कमी मुदत लिहिली असली तरी कायदाच वरचढ.

मात्र ५०० चौरस मीटरपर्यंत जागा किंवा ८ पर्यंत फ्लॅट असतील तर महारेरा नोंदणी सक्तीची नाही. अशी छोटी इमारत असो, की स्वतःच्या जागेत ठेकेदाराकडून बांधून घेतलेलं घर, जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथंच चालतं. ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

म्हणून फोनवरच्या 'बघतो, करतो'वर दिवस घालवू नका. गळतीचे फोटो काढा, स्पीड पोस्टानं लेखी कळवा, पावती, करार आणि ताबापत्र जपून ठेवा. माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.