डोळ्यांना जेमतेम दिसणारे बर्फाचे ढग अंतराळातून कसे मोजतात?

आकाशात खूप उंचावर कधी कधी पिसासारखे पांढरे पट्टे दिसतात. हे तंतुमेघ, म्हणजेच सिरस ढग. ते पाण्याच्या थेंबांचे नाही, तर बर्फाच्या बारीक स्फटिकांचे बनलेले असतात.

ते मोजायचे कशासाठी?
विरळ तंतुमेघ ऊन बरंचसं खाली येऊ देतात, पण जमिनीवरून वर जाणारी उष्णता अडवतात. म्हणजे पृथ्वीला ऊब देतात. तेच ढग दाट झाले की ऊन परतवून थंडावाही देऊ शकतात. त्यामुळे ढगाची उंची, दाटपणा आणि स्फटिकांचा आकार चुकला, तर हवामानबदलाचा अंदाजही चुकतो.

इन्फ्रारेड कसं काम करतं?
प्रत्येक वस्तू इन्फ्रारेड किरण सोडते. त्यावरून उपग्रह तापमान ओळखतो, तेही रात्रीसुद्धा. दाट ढग जितका थंड, तितका उंच. विरळ ढगातून मात्र जमिनीची उष्णताही आरपार येते, म्हणून तो आहे त्यापेक्षा खाली असल्यासारखा वाटतो.

मग उपाय काय?
दोन तरंगलांबींची तुलना. बर्फ 11 मायक्रोमीटरपेक्षा 12 मायक्रोमीटरचे किरण जास्त शोषतो. त्यामुळे एकच विरळ ढग दोन्हींत वेगळ्या तापमानाचा दिसतो. स्फटिक बारीक असतील, तर हा फरक सहसा वाढतो. ढग खूप दाट असेल, तर फरक जवळपास उरत नाही.

हे कोण करतं?
2006 मध्ये सोडलेल्या अमेरिका-फ्रान्सच्या 'कॅलिप्सो' उपग्रहावर इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या जोडीला लेझरही होता. लेझर उंची सांगायचा. ती मोहीम 2023 मध्ये संपली. भारताच्या इन्सॅट-3डी मालिकेतले उपग्रहही या दोन्ही पट्ट्यांत ढग टिपतात.