प्रथिनांचे प्रकार व शरीरातील कार्ये

नाशिक : प्रथिने म्हटली, की डाळी, दूध आणि अंडी डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात शरीराची बांधणी, हालचाल, पचन आणि संरक्षण ही सर्व कामे प्रथिनांवर अवलंबून असतात. प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांपासून बनतात. या साखळीतील क्रमानुसार प्रथिनाची घडी ठरते आणि घडीनुसार त्याचे काम.

प्रमुख प्रकार
* रचनात्मक : हाडे, त्वचा व स्नायुबंधांतील कोलॅजन, केस व नखांतील केराटिन.
* विकरे : अन्नातील प्रथिनांचे जठरात विघटन करणारे पेप्सिन, लाळेतील अमायलेज.
* वाहक : फुप्फुसांतील ऑक्सिजन पेशींपर्यंत नेणारे हिमोग्लोबिन.
* संप्रेरके : रक्तातील साखर नियंत्रित करणारे इन्सुलिन.
* संरक्षक : रोगजंतूंना ओळखणारी प्रतिपिंडे.
* आकुंचनशील : स्नायूंतील ॲक्टिन व मायोसिन.
* साठवण करणारी : लोह साठवणारे फेरिटिन.

आहारातून काय मिळते?
नऊ अमिनो आम्ले प्रौढांनाही आहारातूनच मिळवावी लागतात. धान्यांत लायसिन कमी, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. त्यामुळे नाशिककरांच्या आवडीच्या मिसळीतील मटकी आणि पाव एकमेकांची उणीव भरून काढतात. वरण-भाताचेही तसेच. साठ किलो वजनाच्या निरोगी प्रौढाला दररोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात.

एका दुव्यातील बदल
आहार केवळ कच्चा माल पुरवतो. अमिनो आम्लांचा क्रम जनुके ठरवतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की ऑक्सिजन सोडल्यानंतर हे रेणू एकमेकांना चिकटतात. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. तीव्र वेदना व रक्तक्षय होतो. हाच सिकलसेल आजार. नाशिक विभागातील नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल व पावरा समाजांत, तो मोठ्या प्रमाणावर आढळतो.

आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकांना सहसा त्रास होत नाही. त्यामुळे तपासणीशिवाय ते लक्षात येत नाही. आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून, २०४७ हे लक्ष्यवर्ष आहे. पौष्टिक आहाराने हा दोष दूर होत नाही. म्हणूनच ज्या कुटुंबांत वा समाजांत हा आजार आढळतो, तेथील तरुण-तरुणींनी विवाहापूर्वीच रक्ततपासणी करून घेणे हिताचे आहे.