जुनी फॉर्च्युनर, एन्डेव्हर घेताय? इसार देण्याआधी हे तपासा

जालना : भोकरदन, अंबड, घनसावंगीकडे जुनी फॉर्च्युनर किंवा एन्डेव्हर रोजच्या वापरासाठी घेणारे अनेक आहेत. गाडी स्वस्तात मिळते, पण सुटे भाग आणि टायर मोठ्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला. तेव्हापासून तिकडच्या अशा गाड्या इकडे कमी भावात येतात. मात्र परराज्यातील गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते. इथला रोड टॅक्स भरून एमएच-२१ पासिंग करावे लागते. हा खर्च धरूनच भाव ठरवावा.

आरसीवर बँकेचा बोजा, थकीत ई-चलान आणि नोंदणीची मुदत पाहावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण.

फोर्डने २०२१ मध्ये भारतातले गाड्यांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्यामुळे एन्डेव्हर घेताना पार्ट कुठे मिळतात, हे मेस्त्रीला आधी विचारावे.

गाडी रॅम्पवर चढवून चेसीचा गंज, ऑइलची गळती बघावी. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करावे. धूर तेव्हाच कळतो. फोर बाय फोर असेल तर लो गिअर मऊ रानात टाकून पाहावा. बरेच दिवस न वापरलेला गिअर अडकतो.

व्यवहारानंतर १४ दिवसांत विमा नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नाहीतर अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीची भरपाई अडकू शकते.