पळसाचं चित्र ते फोनचा फोटो: झाडं टिपायला कॅमेरा लागतोच का?

झाडाझुडपांचे फोटो काढायचे म्हणून हप्त्यावर डीएसएलआर घ्यायचा विचार चालला असेल, तर आजचा भाग आधी ऐका, मग ठरवा.

सुरुवात पळसापासून करू. आपल्या खान्देशात फाल्गुनात केशरी पेटलेला दिसतो, तोच. विल्यम रॉक्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींवरचा त्याचा सचित्र ग्रंथ 1795 पासून लंडनमध्ये छापला जाऊ लागला. त्यात आपला पळसही आहे. ही चित्रं काढली भारतीय चित्रकारांनी. अशा चित्रांत फांदी, पान, फूल तर असायचंच, शिवाय फुलाचे भाग सुटे करून बाजूला दाखवायचे. कारण चित्र भिंतीवर लावायला नव्हतं, झाडाची ओळख पटवायला होतं. हा मुद्दा धरून ठेवा.

पुढे 1843. इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी रसायन लावलेल्या कागदावर समुद्री शेवाळ ठेवलं आणि कागद उन्हात धरला. निळ्या कागदावर शेवाळाचा पांढरा ठसा उमटला. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्यांचंच पुस्तक ओळखलं जातं. आणि गंमत बघा, त्यात कॅमेरा वापरलेलाच नाही!

आता आपल्याकडे येऊ. 2001 मध्ये पुण्याच्या श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' आलं. 500 फुलांची सचित्र ओळख, आणि लेखक पेशाने इंजिनिअर. तो काळ फिल्मचा. एका रोलवर साधारण 36 फोटो, आणि फोटो बिघडला हे कळायचं रोल धुऊन आल्यावर. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये शार्प कंपनीचा कॅमेरावाला फोन बाजारात आला होता. त्यात पिक्सेल किती? फक्त 1,10,000. त्यावर फूल लाल की पिवळं एवढं कळलं तरी खूप.

2003 मध्ये डॉ. डी. ए. पाटील यांचं धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचं पुस्तक आलं. म्हणजे आपल्या भागाची नोंद आहे. असं पुस्तक घेऊन एखादं झाड ओळखायला बसलात, की प्रश्न कसे पडतात? पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? पानामागे लव आहे का? पुंकेसर किती?

या प्रश्नांपुढे आजचा फोन कमी पडत नाही. फोनचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे फुलाच्या पुढच्या पाकळीपासून मागच्या पानापर्यंत बरंच काही स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्याला जवळून तेच करायला छिद्र बारीक करावं लागतं, मग उजेड कमी पडतो, मग ट्रायपॉड लागतो. वर फोनच्या फोटोत तारीख असते, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही.

मग मोठा कॅमेरा कुठे जिंकतो? गवताचं दोन-तीन मिलिमीटरचं फूल मॅक्रो लेन्सनेच नीट दिसतं. उंच झाडाच्या शेंड्यावरचा मोहोर टिपायला लांबची लेन्स हवी. संध्याकाळच्या उजेडातही मोठा सेन्सरच भारी. तुमचं काम हे असेल, तर खुशाल घ्या.

बाकीच्यांनी फोनवर एवढं पाळा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो पुंकेसर आणि पानांच्या कडा पुसट करून टाकतो. फोकस होत नसेल तर थोडं मागे या आणि नंतर क्रॉप करा. पळसासारखा भडक रंग दुपारच्या उन्हात फुटतो, तेव्हा स्क्रीनवर फुलाला टच करून उजेड कमी करा. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक फुलाचा, एक पानाच्या मागच्या बाजूचा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल.

हे सगळं कशासाठी? मिरचीच्या नाहीतर कपाशीच्या वावराच्या बांधावर तणनाशक मारलं, की कंबरमोडी जळालेली दिसते. तिच्याबरोबर आणखी काय गेलं, ते सांगता येत नाही, कारण आधी काय होतं हे कुणी टिपलेलंच नसतं. तेव्हा या पावसाळ्यात दोंडाईचाच्या शिवारातला एक बांध धरा आणि दर पंधरा दिवसांनी तिथे एक चक्कर मारा. फोन तर खिशात आहेच. हप्त्याचे पैसे तूर्त राहू द्या.