आल्या पावली परत

इतिहास म्हटला की आपल्याला पानिपत आठवते. मला 2009 सालातली पेन्शनची एक सकाळ आठवते. आमच्या बँकेचे नाव सांगत नाही. नोकरीची बरीच वर्षे अजून शिल्लक आहेत. मी कॉमर्सचा पदवीधर. डेबिट-क्रेडिटच्या पलीकडे माझी झेप नाही. आदल्या संध्याकाळी संगणकाने एक खिडकी उघडून, ‘नवा इंटरनेट एक्स्प्लोरर आठ घालू का?’ अशी अदबीने पृच्छा केली. इतक्या अदबीने मला ऑफिसात कोणी विचारत नाही. मी ‘होय’ म्हणून मोकळा झालो.

सकाळी सहाचा आठ झालेला. मधला सात कुठे गेला कोण जाणे! खात्याचा पडदा उघडला, पण रकाने एकमेकांच्या अंगावर चढलेले आणि ‘पुढे’चे बटण बेपत्ता. रांगेत पहिलेच एक निवृत्त मास्तर.

“खात्यात पैसे आहेत ना हो?”

“आहेत, मास्तर. फक्त दिसत नाहीत.”

“हे देवाबद्दल ऐकलं होतं,” मास्तर म्हणाले, “बँकेबद्दल आजच ऐकतोय. मला औषधं न्यायचीत.”

आता जरा मागे जाऊ. सहावा एक्स्प्लोरर आला 2001 साली. नेटस्केप तोवर गारद झाले होते. प्रतिस्पर्धीच नाही म्हटल्यावर घाई कसली? सातवा उगवला थेट 2006 साली. मधल्या पाच वर्षांत जगभरच्या कचेऱ्यांनी आपापली सॉफ्टवेअरे या एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने शिवून घेतली. गिऱ्हाईक मात्र जरा वाकडे होते. शंभर रुंदीच्या चौकटीला आत दोन्हीकडे दहा-दहा जागा सोडली, तर नियमाप्रमाणे एकूण एकशे वीस व्हायला हवी. जुन्या धर्तीच्या पानांवर एक्स्प्लोरर ती शंभरातच बसवी. शिंप्यांनी वाकडेपणा धरूनच सदरा बेतला. आठवा नियमाने चालू लागला आणि सदरा फाटला! मायक्रोसॉफ्टलाही धास्ती असावी. पत्त्याच्या पट्टीशेजारी फाटक्या कागदाचे चित्र काढून त्यांनी एक बटण ठेवले होते. ते दाबले की नवा ब्राउझर जुन्यासारखा वागे. हे मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही.

आम्हीच एकटे नव्हतो. त्याच वर्षी ऑपेरा या ब्राउझरची दहावी आवृत्ती आली. कित्येक वेबसाइटी आकड्यातला पहिलाच अंक वाचत आणि दहाव्याला पहिला समजत. म्हणून बिचारा दहावीत जाऊनही विचारणाऱ्याला ‘नऊ पूर्णांक ऐंशी’ सांगत असे. आमच्या चाळीत हे उलट व्हायचे.

हेड ऑफिसला फोन लावला. पलीकडचा पोरगा शांत होता. “कंट्रोल पॅनेल उघडा. अॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स. यादीत आठ दिसतोय? काढा. मशीन बंद करून चालू करा.” म्हणजे नव्याने येताना जुन्याला घडी घालून ट्रंकेत ठेवले होते! मशीन सुरू होईपर्यंत मॅनेजर माझ्या मागे आणि मास्तर पुढे. अखेर बटण उगवले. मास्तरांनी नोटा दोनदा मोजल्या.

“आणि बाहेरचं काही उघडू नका हं,” पोरगा फोन ठेवताना म्हणाला होता, “जुन्याला भोकं फार आहेत.”

हे मी हसण्यावारी नेले. मग 2010च्या जानेवारीत एक्स्प्लोररमधल्या एका भोकातून मोठमोठ्या कंपन्यांत शिरकाव झाल्याचे उघडकीला आले आणि जर्मनी-फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी ‘तूर्त दुसरा ब्राउझर वापरा’ असे लोकांना बजावले. आमची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. मास्तरांचे खाते मात्र मी भोकाच्या यंत्रावर परत नेऊन ठेवले होते, आणि त्याबद्दल मॅनेजरांनी मला चहा पाजला होता!

त्याच मार्चमध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला सहाव्याची थट्टेने अंत्ययात्रा निघाली; मायक्रोसॉफ्टने फुले धाडली. अख्खा एक्स्प्लोरर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला. पेन्शन मात्र चालू आहे: एज ब्राउझरच्या पोटात ‘आयई मोड’ म्हणून त्याला निदान 2029 पर्यंत ठेवून घेण्याचे वचन कंपनीने दिले आहे. आमच्या शाखेतला एक पडदा अजून त्यातच उघडतो.

गेल्या महिन्यात पुन्हा एक खिडकी आली. तशीच अदबशीर. मी शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलाला हाक मारली.

“ये रे, हे जरा दाब. मी चहा घेऊन येतो.”